स्मरण आणि न्यायाची बाकी



आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द हे माझे गाव. तेथे व आसपासच्या खेड्यांतील शाळांत माझी शिक्षकीची सारी वर्षे गेली. दरवर्षी १२ डिसेंबर उजाडला की आम्ही मुलांना हुतात्मा बाबू गेनू यांची हकीगत सांगत असू. कारण बाबू गेनूंचे महाळुंगे पडवळ हे गाव आमच्याच तालुक्यातले. एका वर्षी अशीच हकीगत सांगून झाली, मुलांनी जयजयकार केला, आणि मागच्या रांगेतील एक मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, लॉरी ज्यानं अंगावर घातली, त्याला काय शिक्षा झाली?"

मी निरुत्तर झालो. "बाळ, तो पारतंत्र्याचा काळ होता," असे काहीतरी बोलून मी त्यास खाली बसविले. मुलगा बसला, परंतु त्याचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. इतकी वर्षे आपण मुलांना मरणाऱ्याचे नाव पाठ करून घेतले, पण त्या मरणाचा जाब कोणी कोणाला विचारला, हे सांगण्याचे आपणास सुचलेही नाही, याची मला त्या दिवशी लाज वाटली. राज्यसत्तेच्या हातून आंदोलकांचे प्राण गेले असता त्यांचे स्मरण करणे आणि त्यांना न्याय मिळवून देणे, या दोन गोष्टी एकच आहेत काय, आणि नसतील तर त्यांचा परस्परसंबंध कोणता, याविषयी मी आज आपणांशी चार शब्द बोलणार आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य आहे, कायद्याचा पंडित नव्हे. परंतु हा विषय केवळ पंडितांचा नाही.

प्रथम बाबू गेनूंचीच हकीगत पाहू. बाबू गेनू सैद यांचा जन्म १९०८ सालचा. घरची स्थिती अत्यंत गरिबीची. आमच्या डोंगरपट्ट्यातून जी कुटुंबे पोटासाठी मुंबईची वाट धरीत, त्यांतलेच हे एक. बाबू कापडाच्या गिरणीत कामास लागला. १९३० साली सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली, आणि विलायती कापडावरील बहिष्काराने मुंबईचा कापडबाजार ढवळून निघाला. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात विलायती कापडाने भरलेली लॉरी पोलिसांच्या बंदोबस्तात निघाली. स्वयंसेवक तिच्यापुढे आडवे होत आणि पोलीस त्यांना ओढून बाजूस काढीत. बाबू गेनू आडवा झाला. चालकाने लॉरी थांबविली; तेव्हा एका गोऱ्या सार्जंटाने चाक आपल्या हाती घेतले व लॉरी पुढे दामटली, अशी हकीगत आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्याच दिवशी बावीस वर्षांच्या त्या गिरणी-कामगाराने प्राण सोडला. सरकारपक्षाने जाहीर केले की, हा अपघात होय.

'अपघात' या शब्दाकडे आपण अंमळ थांबून पाहावे. अपघात म्हटला की मरणारा आहे, परंतु मारणारा नाही. दुःख आहे, परंतु अपराध नाही. चौकशी संपली, खटल्याचे कारणच उरले नाही. एका शब्दाने हे सारे साधले. म्हणून अशा प्रत्येक प्रसंगी पहिला झगडा होतो तो घटनेच्या नावाविषयी. एक पक्ष म्हणतो 'दंगल', दुसरा म्हणतो 'मोर्चा'. एक म्हणतो 'नाइलाजाने केलेला गोळीबार', दुसरा म्हणतो 'हत्या'. ज्याच्या हाती सत्ता, त्याने दिलेले नाव दप्तरात जाते. दुसरे नाव लोकांच्या तोंडी राहते. गावोगावी जी आठवण जपली जाते, तिचे पहिले कार्य हे की, दप्तरातील नावाला ती निमूटपणे मान्यता देत नाही. बाबू गेनूंना आम्ही 'हुतात्मा' म्हणतो, तेव्हा 'अपघात' हा शब्द आम्हांस कबूल नाही, असेच आम्ही सांगत असतो.

त्याच वर्षी, २५ सप्टेंबर १९३० रोजी, उरणजवळच्या चिरनेर येथे जंगल सत्याग्रहात गोळीबार होऊन माणसे मेली. नंतर खटला उभा राहिला तो गावकऱ्यांवर. ज्यांच्या घरची माणसे गेली, तेच आरोपीच्या पिंजऱ्यात! परकीय अंमलात हे असेच चालावयाचे, असे म्हणून आपण मनाचे समाधान करतो. मीही त्या मुलाला तेच सांगितले होते. परंतु राज्य आपले झाल्यावर हा प्रश्न सुटला काय?

याचे उत्तर शोधण्यास मुंबईच्या हुतात्मा चौकात जावे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी निघालेल्या मोर्चावर त्याच भागात, म्हणजे तेव्हाच्या फ्लोरा फाउंटनपाशी, गोळीबार झाला. पंधरा माणसे त्यात गेली. पुढे १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा झाली आणि शहरात पुन्हा गोळ्यांचा वर्षाव झाला. चळवळीतील एकूण हुतात्म्यांची संख्या कोणी १०५ सांगतात, कोणी १०६, तर कोणी १०७. आपणांपैकी अनेकांच्या कानांत '१०५ हुतात्मे' हेच शब्द बसलेले असतील. ज्या राज्याची स्थापनाच या बलिदानावर झाली, त्या राज्यातही मृतांच्या आकड्याविषयी एकवाक्यता नाही, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. आकडा नक्की होण्यास प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र नोंद लागते. तो कोठे, केव्हा, कोणाच्या हुकमाने झाला हे लिहावे लागते. ही नोंद करण्याचे काम चौकशीचे. आणि चौकशीच झाली नाही.

ती व्हावी असे म्हणणारे थोर लोक नव्हते असे नाही. केंद्र सरकारचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी जुलै १९५६ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. महाराष्ट्राने तो राजीनामा मुंबईसाठी केलेला त्याग म्हणून डोक्यावर घेतला, आणि ते योग्यच झाले. परंतु लोकसभेत त्यांनी जी कारणे सांगितली, त्यांत आणखी एक होते, ते फारसे कोणास आठवत नाही. मुंबईतील गोळीबारांची न्यायालयीन चौकशी करण्यास सरकार नकार देते, ही त्यांची स्पष्ट तक्रार होती. मुंबई आपणांस मिळाली, १९६० साली राज्य झाले, चौकास हुतात्म्यांचे नाव मिळाले, स्मारक उभे राहिले. दरवर्षी २१ नोव्हेंबरला शासनाच्या वतीने तेथे पुष्पचक्रे वाहिली जातात. परंतु देशमुखांनी मागितलेली ती एक गोष्ट राहूनच गेली. विजयाच्या आनंदात आपण तिची मागणी सोडून दिली. स्मरण जमा झाले. न्यायाची बाकी तशीच पुढे ओढली गेली.

आता ही चौकशी म्हणजे काय, आणि न्यायाची वाट कायद्यात कशी आखलेली आहे, हे थोडक्यात समजून घेऊ. बेकायदा जमाव पांगविण्याचा अधिकार कायद्यानेच दिलेला आहे. पूर्वी तो १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रमुख, आणि तो नसल्यास उपनिरीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेला अंमलदार, प्रथम जमावास पांगण्याचा हुकूम करतो. हुकूम मानला नाही तर बळ वापरता येते. परंतु त्या बळास मर्यादा आहे. लष्कर बोलावले असता त्याने कमीत कमी बळ वापरावे व कमीत कमी इजा करावी, असे कायदा स्वच्छ शब्दांत सांगतो. आणि पोलिसांचे वर्तनही याच कसोटीवर घासून पाहावयाचे असते. उद्देश जमाव पांगविण्याचा. शासन करण्याचा नव्हे. म्हणून चौकशीत साधेच प्रश्न विचारावयाचे असतात. इशारा दिला होता काय? आधी लाठी व अश्रुधूर वापरून पाहिले काय? गोळी कमरेच्या वर लागली की खाली? समोरून लागली की पाठीत? पाठीत लागलेली गोळी पळणाऱ्यास लागलेली असते, आणि पळणारा मनुष्य पांगण्याचा हुकूम पाळीतच असतो.

मोठा प्रसंग असेल तर शासन १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली न्यायाधीशांचा आयोग नेमते. येथे पुष्कळांचा गैरसमज होतो. आयोग म्हणजे न्यायालय नव्हे. तो कोणास शिक्षा देऊ शकत नाही. त्याचा अहवाल शासनावर बंधनकारक नसतो. आयोगापुढे दिलेली साक्ष, ती खोटी ठरल्याचा खटला वगळता, साक्षीदाराविरुद्ध न्यायालयात वापरता येत नाही. अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांत, त्यावर काय केले याच्या टिपणासह, तो विधिमंडळापुढे ठेवावा असा दंडक आहे. यापुढे शिक्षा हवी असेल तर निराळा गुन्हा, निराळा तपास आणि निराळा खटला. शिवाय जमाव पांगविताना केलेल्या कृत्याबद्दल अंमलदारावर खटला भरावयाचा तर शासनाची पूर्वमंजुरी घ्यावी लागते. म्हणजे ज्याच्या नोकराविरुद्ध गाऱ्हाणे, त्याच्याच दारी परवानगी मागावयाची. कर्तव्य करताना धीर खचू नये म्हणून नोकरास हे संरक्षण दिले आहे, हे खरे; परंतु ते संरक्षण कुंपणासारखे असावे, तटासारखे नसावे.

ही वाट शेवटपर्यंत चालून गेलेले एक उदाहरण आपल्या राज्यात आहे. ११ जुलै १९९७ रोजी सकाळी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झालेली लोकांना दिसली. संतप्त लोक महामार्गावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि दहा माणसे गेली. सव्वीस जखमी झाली. पोलिसांच्या बाजूने असे सांगण्यात आले की, जमाव गॅसचे टँकर पेटविणार होता, आणि तसे होते तर सारी वस्ती भस्मसात झाली असती. ऐकणाऱ्यास हे कारण पटण्याजोगे होते. आयोग नेमला गेला नसता तर आज इतिहासात तेच कारण राहिले असते. न्यायमूर्ती गुंडेवार यांच्या आयोगाने पुरावा तपासला आणि गोळीबार असमर्थनीय ठरविला. पुढे खटला चालला. २००९ च्या मे महिन्यात, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ बारा वर्षांनी, तुकडीच्या प्रमुख उपनिरीक्षकास जन्मठेप झाली. नंतर उच्च न्यायालयातून त्यास जामीन मिळाला.

बारा वर्षांत शाळेत जाणारे मूल मॅट्रिक होऊन बाहेर पडते. इतका काळ त्या वस्तीतील लोक न्यायालयाची पायरी चढत राहिले. दरवर्षी ११ जुलैला ते मृतांना अभिवादन करतात, आणि त्या अभिवादनात केवळ शोक नसतो. साक्षीदार म्हातारे होतात, कागद गहाळ होतात, अंमलदार बदलतात, सरकारे बदलतात; या साऱ्या काळात प्रकरण जिवंत राहिले ते वर्षातून एकदा एकत्र जमणाऱ्या माणसांमुळे. न्याय पुरता मिळाला असे ते म्हणत नाहीत, आणि मीही म्हणत नाही. परंतु गोळीबार चुकीचा होता, हे आता केवळ मृतांच्या आप्तांचे म्हणणे राहिलेले नाही. ते आयोगाचे व न्यायालयाचेही म्हणणे झाले आहे. बाबू गेनूंना जे मिळाले नाही, ते एवढे तरी येथे मिळाले.

त्याच १९९७ सालची, पाच महिने आधीची, एक दूरदेशची हकीगत येथे ताडून पाहण्यासारखी आहे. हिमालय व काराकोरमच्या पलीकडे, चीनच्या शिंच्यांग प्रांतात उईघुर नावाचे तुर्की भाषा बोलणारे मुसलमान लोक राहतात. त्यांच्यात 'मेश्रेप' नावाच्या मंडळीची जुनी चाल आहे. गाणे, नाच, विनोद आणि गावातील तंट्यांचा निवाडा हे सारे त्या बैठकीत चालते. आमच्याकडील भजनी मंडळ आणि पारावरची पंचायत एकत्र केली, म्हणजे तिची थोडीशी कल्पना येईल. गुल्जा शहरातील तरुणांनी दारूचे व्यसन हटविण्यासाठी ही मंडळे नव्याने उभी केली. सरकारने १९९५ साली त्यांवर बंदी घातली. पुढे धरपकड झाली, आणि ५ फेब्रुवारी १९९७ रोजी गुल्जातील तरुण रस्त्यावर आले. त्यांच्यावर गोळीबार झाला. सरकारने त्यास 'दंगल' हे नाव दिले. मृतांचा सरकारी आकडा आणि बाहेर निसटलेल्या लोकांनी सांगितलेला आकडा यांत फार मोठे अंतर आहे. तेथे स्वतंत्र आयोग नेमला गेला नाही. खटले झाले ते मोर्चात सामील झालेल्यांवर, आणि कित्येकांना देहान्त शासन झाले. चिरनेरचीच गोष्ट, अधिक निर्दयपणे. रेबिया कादिर नावाच्या उईघुर बाई गुल्जात जाऊन माहिती गोळा करू लागल्या. १९९९ साली त्यांना अटक झाली आणि २००५ पर्यंत त्या बंदिवासात होत्या.

आपल्या देशात उईघुरांना उघडपणे शोकही करता येत नाही. म्हणून परदेशी गेलेले उईघुर दर ५ फेब्रुवारीस निरनिराळ्या शहरांत एकत्र जमतात. सरकारी न्यायालयाचे दार बंद, म्हणून लंडन येथे जाणत्या लोकांचे एक न्यायासन बसले. सर जेफ्री नाइस हे त्याचे अध्यक्ष होते. अलीकडच्या काळात उईघुरांवर झालेल्या अत्याचारांविषयी साक्षी नोंदवून डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी निर्णय जाहीर केला. त्या निर्णयाची अंमलबजावणी करणारा एकही शिपाई जगात नाही. तरी साक्ष लिहिली गेली, आणि लिहिलेली साक्ष पुसणे कठीण असते. २०२२ च्या ऑगस्टअखेरीस संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क कचेरीने शिंच्यांगविषयी अहवाल काढला. त्यावर केवळ चर्चा करावी, असा ठराव ऑक्टोबरमध्ये मानवी हक्क परिषदेत आला, तो १७ विरुद्ध १९ मतांनी पडला. आपला देश त्या वेळी तटस्थ राहिला. राज्यकारभाराची कारणे असतील. परंतु ज्यांच्या पूर्वजांनी जालियनवाला बागेचा जाब साऱ्या जगासमोर मागितला, त्यांना ही तटस्थता थोडी तरी बोचली पाहिजे.

जालियनवाला बागेचे नाव निघाले म्हणून सांगतो. १९१९ साली सरकारने हंटर समिती नेमली. तिच्यावर विसंबून न राहता राष्ट्रसभेने आपली निराळी चौकशी केली. तिच्या सदस्यांत महात्मा गांधींबरोबर आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. त्यांनी पंजाबात फिरून लोकांच्या साक्षी घेतल्या. डायरवर खटला झाला नाही. त्यास केवळ नोकरीतून जावे लागले. परंतु आज त्या बागेविषयी आपण जे खात्रीने बोलतो, ते बव्हंशी त्या साक्षींच्या बळावर. दार बंद असले तरी दाराबाहेर बसून लिहीत राहावे, हा धडा त्यांनी आपणांस घालून दिला आहे.

येथे दोन आक्षेप घेतले जातील. एक असा की, पोलीसही माणूसच. जमाव दगड मारीत असता त्याने काय करावे? हा आक्षेप मी हलका मानीत नाही. आमच्या गावाकडची कितीतरी मुले पोलिसांत भरती होतात. त्यांतील काही माझ्या हाताखाली शिकली. परंतु निष्पक्ष चौकशीची गरज खऱ्या पोलिसाला इतरांहून अधिक आहे. ज्याने नियम पाळून, प्राणावर बेतले म्हणून गोळी झाडली, त्यास चौकशी निर्दोष ठरवील. चौकशीच नसेल तर नियम पाळणारा आणि मोडणारा, दोघेही लोकांच्या मनात सारखेच दोषी ठरतात.

दुसरा आक्षेप असा की, जुनी जखम का उकरावी? आमच्या पुणे जिल्ह्यातच, ९ ऑगस्ट २०११ रोजी, पवना धरणाच्या जलवाहिनीला विरोध करणाऱ्या मावळच्या शेतकऱ्यांवर द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला व एक स्त्री आणि दोन पुरुष प्राणास मुकले. १९५५ ची जखम आपण साफ केली असती, तर २०११ चा हात कदाचित थोडा आवरला असता, असे मला वाटते. जखम झाकल्याने भरत नाही, आत चिघळते.

१९९७ सालीच लुई ज्वाने या फ्रेंच न्यायविदाने संयुक्त राष्ट्रसंघापुढे एक अहवाल ठेवला. पीडितांचे हक्क त्याने असे मांडले: काय घडले हे जाणण्याचा हक्क, न्याय मिळण्याचा हक्क, आणि झालेल्या हानीची भरपाई मिळण्याचा हक्क, आणि यांच्या जोडीला, पुन्हा असे घडणार नाही याची हमी. गणित शिकविणाऱ्या माझ्यासारख्यास हा हिशेब फार सोयीचा वाटला. प्रत्येक प्रसंग या चार ओळींत मांडावा आणि कोणत्या ओळीपुढे शून्य आहे ते पाहावे. नुकसानभरपाईचा धनादेश देऊन शासन पुष्कळदा तिसरी ओळ भरते आणि हिशेब मिटला म्हणते. लोक स्मारक बांधतात आणि त्यांनाही तसेच वाटते. पण स्मारक यांपैकी कोणतीच ओळ भरीत नाही. ते केवळ हिशेबाची वही उघडी ठेवते. एवढेच त्याचे काम, आणि ते मोठे काम आहे.

आमच्या तालुक्यात घोड नदीवर डिंभे येथे धरण आहे. त्याच्या जलाशयास हुतात्मा बाबू गेनूंचे नाव दिले आहे. ज्या गावावरून तालुक्यास नाव पडले, ते मूळ आंबेगाव त्याच पाण्याखाली गेले. धरण काठोकाठ भरले की वर केवळ पाणी दिसते. खाली गाव होते हे ठाऊक असणाऱ्यांनीच ते सांगावे लागते. हुतात्म्यांच्या नावाखालीही असेच काही बुडालेले असते. आपल्या घरातील मुले हुतात्मा चौकातून जात असतील, काळबादेवीत बाबू गेनूंच्या नावाची पाटी वाचीत असतील. त्यांना नाव सांगाल तेव्हा पुढचे वाक्यही सांगा: गोळीचा हुकूम कोणी दिला, चौकशी झाली की नाही, अहवालाचे काय झाले.

त्या मुलाला मी तेव्हा अर्धे उत्तर दिले होते. आज तो भेटला तर सांगेन, "बाळ, कोणालाही शिक्षा झाली नाही. त्याला अपघात म्हटले गेले. तुझा प्रश्न बरोबर होता, आणि मी तुला खाली बसवावयास नको होते."